ड जीवनसत्त्व ९ आले. आता बाबांचे काय?

वाचकाचे पत्र: ‘माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. आमचे घर गोव्यात डिचोली तालुक्यात असून त्यांचे सारे आयुष्य कुळागरात गेले. मे महिन्याच्या अखेरीस त्यांना डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगांपैकीच एक) असल्याचे निदान झाले. जुलैपासून बांबोळीच्या रुग्णालयात उपचार सुरू आहेत आणि आर-चॉप या पाच औषधांच्या केमोच्या सहापैकी तीन सायकल झाल्या आहेत. गेल्या आठवड्यात अंगदुखीमुळे रक्त तपासले, त्यात ड जीवनसत्त्व ९ आले. पुण्याच्या भावाने एक लेख पाठवला आहे. ज्यांचे ड जीवनसत्त्व कमी असते ते रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण लवकर जातात, असे त्यात लिहिले आहे. संसर्गाच्या भीतीने मीच बाबांना सारा पावसाळा घरात ठेवले. शेजारी म्हणतात, ड जीवनसत्त्वाचे साठ हजार युनिटचे पाकीट रोज द्या. ओळखीच्या एकाने सहा लाख युनिटचे इंजेक्शन एकदाच घेऊन मोकळे व्हा, असे सुचवले. आकडा वाढला तर बाबा वाचतील का? आणि हा आजार माझ्या चुकीमुळे तर बळावला नाही ना?’

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो मनात घोळत असेपर्यंत पुढचे काहीच तुम्हाला नीट वाचता येणार नाही. वडिलांचा आजार तुमच्यामुळे बळावलेला नाही. निदान मे महिन्यात झाले आणि पाऊस त्यानंतर लागला. तुम्ही त्यांना घरात ठेवले तेव्हा लिम्फोमा शरीरात आधीच होता. शिवाय ड जीवनसत्त्व कमी पडले म्हणून लिम्फोमा होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत पन्नाशी गाठलेल्या २५,८७१ स्त्री-पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून, एका गटाला रोज २,००० युनिट ड३ आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या पाच वर्षांहून अधिक काळ देण्यात आल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला गर्दीपासून आणि खोकणाऱ्या मुलांपासून दूर ठेवणे हे तर तुम्ही योग्यच केलेत. चतुर्थीला घर माणसांनी भरलेले असताना त्यांना आतल्या खोलीत एकटे बसवणे तुमच्या जिवावर आले असेल, याची मला कल्पना आहे.

आता त्या नऊविषयी. रक्तात जे मोजतात ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे यकृतातून तयार होऊन रक्तात फिरणारा साठा. आपल्याकडच्या रिपोर्टवर तो नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहिलेला असतो. पुरेशी पातळी २० म्हणावी की ३०, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ९ हा आकडा कोणत्याही मापाने कमीच ठरतो. भावाला मात्र एककाकडे लक्ष द्यायला जरूर सांगा. युरोपातल्या पुष्कळ अभ्यासांत हेच प्रमाण नॅनोमोल प्रति लिटरमध्ये दिलेले असते आणि आपला आकडा अडीचने गुणल्यावर त्यांचा मिळतो. बाबांचे ९ म्हणजे तिकडचे साडेबावीस. ही गोष्ट ध्यानात न घेता लेखातले आकडे रिपोर्टशी ताडून पाहिले, तर उगाच भीती तरी वाटते किंवा उगाच धीर तरी येतो.

आयुष्यभर बाहेर काम केलेल्या माणसाला ही कमतरता कशी, असा प्रश्न तुमच्या पत्राच्या ओळींमधून डोकावतो. एक तर कुळागर म्हणजे माडापोफळींची सावली. तिथे दिवसभर राबणाऱ्याच्या अंगावर थेट ऊन फार थोडे पडते. दुसरे असे की, उन्हातून मिळालेला साठा वर्षानुवर्षे पुरत नाही. रक्तातले हे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येते आणि शरीरातील चरबीत साठलेले जीवनसत्त्व काही महिने हात देते, एवढेच. साठी उलटल्यावर त्याच उन्हात त्वचा तरुणपणापेक्षा बरेच कमी ड जीवनसत्त्व तयार करते. त्यात भूक मंदावली, जेवण अर्ध्यावर आले आणि आजाराने शरीरात दाह (इन्फ्लमेशन) निर्माण झाला की आकडा आणखी खाली येतो. शरीरात दाह असताना रक्तातील ड जीवनसत्त्व घसरते, ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. भावाच्या लेखाचा सारा गुंता तिथेच सुटतो.

लेख खोटा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक आणि आयोवा विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१० साली नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या ९८३ नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाबांना आहे त्याच प्रकारच्या लिम्फोमात, ज्यांचे ड जीवनसत्त्व निदानाच्या वेळी २५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. पुढच्याच वर्षी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या रुग्णांतही कमी पातळी असलेल्यांना उपचारांची गरज लवकर पडते, असे दिसून आले. हॉजकिन लिम्फोमावरील जर्मन अभ्यासगटाने २०१९ साली याच दिशेचे निष्कर्ष मांडले.

तुमच्या दृष्टीने सर्वांत जवळचा अभ्यास २०१४ सालचा आहे, कारण तो जर्मनीतल्या ६१ ते ८० वर्षे वयाच्या आणि बहुतांशी बाबांसारखाच लिम्फोमा असलेल्या रुग्णांवर झाला. आर-चॉपमधला पहिला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब. पहिल्या सायकलला थेंब थेंब करत कित्येक तास चाललेली ती सलाईन तुम्हाला आठवत असेल. हे औषध लिम्फोमाच्या पेशीवरील सीडी२० नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते, म्हणजे जणू त्या पेशीवर खूण करते. खूण केलेल्या पेशीला मारण्याचे काम मात्र बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींनाच करावे लागते. या अभ्यासात रिटुक्सिमॅब मिळालेल्या रुग्णांपैकी ज्यांचे ड जीवनसत्त्व ८ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यातले ७० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. ज्यांचे ८ पेक्षा जास्त होते, त्यांच्यातले ८२ टक्के. रिटुक्सिमॅब न मिळालेल्या रुग्णांत हा फरक तितका ठळक नव्हता. पुढे याच संशोधकांनी ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या सात व्यक्तींना ते पूरक म्हणून दिले आणि प्रयोगशाळेत पाहिले, तेव्हा रिटुक्सिमॅबच्या मदतीने लिम्फोमाच्या पेशी मारण्याची त्यांच्या रक्तपेशींची ताकद सातही जणांत वाढलेली आढळली.

हे वाचून कोणालाही वाटेल की आता आकडा वाढवला की काम झाले. इथेच थांबून विचार करायला हवा. ज्यांचा आजार अधिक पसरलेला, ज्यांच्यात दाह जास्त, जे अंथरुणाला खिळलेले, ज्यांना अन्न जात नाही, त्यांचेच ड जीवनसत्त्व आधी घसरते आणि त्यांचीच प्रकृती पुढे जास्त ढासळते. त्यामुळे कमी आकड्याने रुग्ण दगावतो की गंभीर आजारामुळे आकडा आणि रुग्ण दोन्ही खालावतात, हे केवळ निरीक्षणातून कळत नाही. संशोधक गणिताने हा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्णपणे वेगळा निघत नाही. त्या ७० टक्क्यांकडेही नीट पाहा: अतिशय कमी पातळी असलेल्या गटातलेही दहापैकी सात जण तीन वर्षांनी आपल्या घरी होते, आणि त्यांना मिळालेला मुख्य आधार त्यांच्या औषधोपचाराचाच होता.

खरी कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून काहींना ड जीवनसत्त्व द्यायचे, काहींना नाही, आणि मग पाहायचे. संथ गतीने वाढणाऱ्या लिम्फोमात ती कसोटी झाली आहे. रिटुक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांना तीन वर्षे रोज २,००० युनिट ड३ देऊन पाहिले, आणि २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात मांडलेल्या निष्कर्षांनुसार आजार आटोक्यात राहण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. बाबांचा लिम्फोमा वेगाने वाढणाऱ्या जातीचा आहे आणि त्यांची पातळी फारच कमी आहे. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा त्यांना लावता येत नाही. तरीही ‘आकडा वाढला तर बाबा वाचतील का’ या तुमच्या प्रश्नाला मी होय म्हणू शकत नाही. बाबांचे बरे होणे उरलेल्या तीन सायकल वेळेवर आणि योग्य मात्रेत पूर्ण होण्यावर, लिम्फोमा औषधाला कसा प्रतिसाद देतो यावर आणि मधल्या काळातला संसर्ग वेळीच ओळखण्यावर जितके अवलंबून आहे, तितके या आकड्यावर नाही.

मग ड जीवनसत्त्व द्यायचेच नाही का? द्यायचे, आणि तेही लवकर. फक्त त्याचे कारण वेगळे आहे. आर-चॉपमधल्या प्रत्येक सायकलला बाबा पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात. हे स्टेरॉइड अन्नातील कॅल्शियमचे शोषण कमी करते, हाडे विरळ करते आणि मांड्यांचे स्नायू दुबळे करते. त्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता असली की हाडे दुखतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, पायरी चढताना गुडघा मुडपतो. ६८ वर्षांचा माणूस रात्री न्हाणीघराकडे जाताना पडला आणि खुब्याचे हाड मोडले, तर पुढच्या सायकल लांबणीवर पडतील. तुम्ही लिहिलेल्या अंगदुखीतही या कमतरतेचा वाटा असू शकतो. हाडांच्या आणि ताकदीच्या दृष्टीने ड जीवनसत्त्व भरून काढणे हे सोपे, स्वस्त आणि फायद्याचे काम आहे. रिटुक्सिमॅबला त्याची थोडी मदत झालीच तर चांगलेच.

मात्र कसे द्यायचे, यात चूक नको. आपल्याकडे साधारणपणे ६०,००० युनिटचे एक पाकीट आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे देतात आणि त्यानंतर मात्रा कमी करतात. बाबांसाठी हे प्रमाण त्यांच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे, कारण आधी रक्तातील कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहावे लागते. काही लिम्फोमांत गाठींतल्या पेशी स्वतःच ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करतात आणि कॅल्शियम आधीच चढलेले असते. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने पाकीट रोज दिले, तर आठ आठवड्यांत पोटात जायचे ते आठ दिवसांतच जाईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने आणले होते. आठ दिवस सतत उलट्या, तोंडाला कोरड, तांब्या तांब्या पाणी पिऊनही न भागणारी तहान आणि बोलण्यात विसंगती. घरचे म्हणत होते, केमोचा त्रास आहे. मुलाने औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली, तेव्हा बिस्किटांच्या डब्यातून जवळजवळ चाळीस रिकामी पाकिटे निघाली; त्यांनी ती नीट चपटी करून, रबर लावून ठेवली होती. चिठ्ठीवर इंग्रजी आद्याक्षरांत ‘आठवड्यातून एकदा’ असे लिहिले होते, ते कोणीतरी ‘दिवसातून एकदा’ असे वाचले. कॅल्शियम १३च्या वर गेले होते. ते साडेदहाच्या आत असायला हवे. चरबीत साठलेले ड जीवनसत्त्व लगेच बाहेर पडत नाही, म्हणून त्यांना सावरायला कित्येक आठवडे लागले आणि त्यांच्या मूत्रपिंडाला त्याची झळ पोहोचली. बद्धकोष्ठता, मळमळ, थकवा ही चढलेल्या कॅल्शियमची लक्षणे केमोच्या त्रासासारखीच दिसतात. आर-चॉपमधल्या विन्क्रिस्टिननेही पोट साफ होत नाही. त्यामुळे घरात कोणाच्याच लक्षात येत नाही. तुम्ही एकच करा: भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक वार ठरवून पुढच्या आठ आठवड्यांच्या त्या चौकटींवर आताच खूण करा, आणि पाकीट दिले की ती चौकट खोडा. पाकीट दुपारच्या जेवणानंतर द्यावे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर चांगले शोषले जाते आणि आपल्या नारळाच्या हुमणात (माशाच्या आमटीत) स्निग्धाची वाण नसते.

सहा लाख युनिटचे इंजेक्शन अजिबात घेऊ नका. ते दंडात किंवा कुल्ल्यात, स्नायूत खोल टोचतात. केमोनंतर प्लेटलेट उतरलेल्या असताना तिथे रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते आणि पांढऱ्या पेशी कमी असतील तर तीच जागा पिकते. शिवाय एकदा टोचलेली मात्रा परत काढता येत नाही. वर्षातून एकदाच पाच लाख युनिट तोंडावाटे दिलेल्या वृद्ध स्त्रियांवरचा ऑस्ट्रेलियातील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्या स्त्रिया कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या आणि अस्थिभंगही वाढले. कॅल्शियमच्या गोळ्याही स्वतःहून सुरू करू नका. नाचणीचे तिजान सकाळी दिले तर चालेल. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दही-ताक मात्र पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या दिवसांत द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मासळीविषयी तुम्ही विचारले नाही, पण गोव्याच्या घरात तो प्रश्न निघणारच. तारले आणि बांगडे यांत ड जीवनसत्त्व चांगले असते आणि प्रथिनांसाठी बाबांना ते हवेतच. मात्र ताजे आणत चला आणि आतपर्यंत पूर्ण शिजवा. सुक्या बांगड्याची किसमूर सध्या बाजूला ठेवा, कारण त्यात मीठ भरपूर, वर कच्चा कांदा आणि स्टेरॉइडमुळे रक्तदाब आधीच वर जाण्याची शक्यता. केवळ मासळी खाऊन ९चे ३० होणार नाहीत, म्हणून पाकीट लागेलच.

उन्हाचेही तसेच आहे. सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि मनाला ते खरोखरच बरे वाटते. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळेच्या उन्हात असतात. त्या उन्हात अशक्त माणसाला बसवणे धोक्याचे आहे. फुप्फुसाचा संसर्ग टाळण्यासाठी बाबांना को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. बाबांना सकाळी सोप्यावर बसू द्या, तुळशीपर्यंत चार पावले चालू द्या, चालण्याने स्नायू टिकतात. त्यांच्याकडून उन्हाचा हिशेब मात्र मागू नका.

हे सदर रक्ताच्या इतर कर्करोगांचे रुग्णही वाचतात, म्हणून थोडक्यात लिहितो. मल्टिपल मायलोमामध्ये हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करण्यापूर्वी ड जीवनसत्त्व तपासून भरून काढणे गरजेचे असते, नाहीतर कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी दासाटिनिब घेणाऱ्यांनी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी आणि दासाटिनिब यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण आम्लता कमी झाली की ते औषध नीट शोषले जात नाही. दुसऱ्या व्यक्तीच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण झालेल्यांनी ड जीवनसत्त्वासाठी उन्हात बसू नये. त्यातून त्वचेवर प्रत्यारोपणानंतरचा विकार उफाळू शकतो.

ताई, पुढच्या सायकलला बांबोळीला जाल तेव्हा रिपोर्टसोबत एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन किती आहे? पाकीट आठवड्याला एक, असे किती आठवडे द्यायचे? स्टेरॉइड चालू असताना हाडांसाठी आणखी काही लागेल का? आणि ड जीवनसत्त्व पुन्हा कधी तपासायचे? पाकिटे सुरू केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती तपासणी करण्यात अर्थ नसतो, कारण आकडा स्थिरावलेला नसतो; दर पंधरवड्याला रक्त देऊन बाबांच्या शिरा आणि तुमचे पैसे खर्च करू नका. घरात थर्मामीटर मात्र हाताशी असू द्या. ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला तर रात्र असो वा पहाट, क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच तासाला गाडी काढा आणि दारातच सांगा की केमो चालू आहे.

तुमच्या भावाला पुण्याहून काहीतरी करावेसे वाटते आहे, म्हणूनच तो लेख पाठवतो आहे. त्याला पुढच्या एखाद्या सायकलच्या आठवड्यात बोलावून घ्या. बाबांजवळ तो बसला, तर तुम्हाला दोन रात्री सलग झोप मिळेल.